टपावर कयाक, मागे ट्रेलर आणि शेजारी नाना

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डेट्रॉइटहून मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलाला जाऊन आलो. पिकअप ट्रक, मागे 22 फुटी कॅम्पिंग ट्रेलर आणि ट्रकच्या डोक्यावर बारा-बारा फुटांचे दोन कयाक, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होड्या. माणसं चार: मी, समीर, आमची रेवा आणि उन्हाळ्यासाठी साताऱ्याहून आलेले माझे वडील. नाना आयुष्यभर एसटीत चालक होते. गाडी मी चालवणार आणि नाना शेजारी बसणार, हे घरात आधीच ठरलं होतं. नाना गप्प बसणार नाहीत, हे ठरवायची गरजच नव्हती.

कॅम्पग्राउंडची बुकिंगं हिवाळ्यातच उरकली होती. खरा वेळ खाल्ला तो एकाच प्रश्नाने: कयाक ठेवायचे कुठे? ट्रेलर नसेल तर ते मागच्या हौद्यात टाकायचे, शेपट्या बाहेर काढायच्या, लाल फडकं बांधायचं आणि निघायचं. मागे ट्रेलर आला की तो मार्ग बंद. ट्रेलरच्या छतावर म्हणाल, तर ते पातळ रबरी आवरणाचं असतं आणि वर पट्टे अडकवायला भक्कम असं काही नसतं. मागच्या बंपरवर म्हणाल, तर तो बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चौकोनी नळी, सांडपाण्याचा पाइप ठेवण्यापुरती बरी. त्यामुळे कयाक ट्रकवरच न्यायचे ठरले. एक आडवा दांडा केबिनच्या छतावर, दुसरा हौद्यावर उभारलेल्या रॅकवर, आणि कयाकची शेपूट हौद्याच्या फाळक्याच्या आतच संपेल एवढे ते पुढे सरकवलेले. नाकं बॉनेटवर आली, त्याला इलाज नाही.

फाळक्याच्या आत ठेवण्याचं कारण सांगते, कारण यात पुष्कळ जण फसतात. गाडी सरळ उभी असताना ट्रक आणि ट्रेलर यांच्यात भरपूर जागा दिसते. वळताना, विशेषतः रिव्हर्स घेताना, ट्रेलरचा पुढचा कोपरा ट्रकच्या अंगावर येतो. कयाक मागे फूटभर जरी बाहेर असला तरी तो कोपरा त्याला गाठतो. निघायच्या आधीच्या रविवारी एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये मी ट्रेलर काटकोनात येईपर्यंत वळवून पाहिला आणि समीर मधल्या फटीत टेप धरून उभा राहिला. हे घरीच करावं. कॅम्पग्राउंडवर अंधारात, शेजारी बिअर घेऊन बघत बसलेले असताना नको.

दुसरं म्हणजे वजन. ट्रक किती ओढू शकतो याच्या जाहिराती सगळ्यांना पाठ असतात, पण आधी संपते ती पेलण्याची क्षमता. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको. आमच्या ट्रकचा आकडा 1,640. त्यातून ट्रेलरच्या नाकाचा हिचवर (ट्रकला ट्रेलर जोडायच्या सांध्यावर) पडणारा भार आधी वजा होतो, आणि हा भार ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो. आमचा भरलेला ट्रेलर साधारण 5,100 पौंड, नाकाचा भार 640. वजन वाटून देणारा हिच 90, माणसं 550, रॅक 85, दोन कयाक 100. उरले 175. म्हणून जनरेटर घरी राहिला आणि नानांची लोखंडी तव्याची जोडी ट्रकमधून निघून ट्रेलरमध्ये ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, बरोबर वर गेली.

शुक्रवार

आय-75 या महामार्गाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उत्तरेला जात राहायचं, गेलॉर्डच्या आसपास रस्त्याकडेचं जंगल दाट होतं, एवढंच.

पहिल्या पंचवीसेक मैलांवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, हा नियम. आम्ही उतरायच्या आत नाना उतरलेले. चारही पट्टे बोटाने छेडून पाहिले, मग ट्रेलरच्या प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहिला. "एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असलं, तर तिथं काहीतरी घासतंय. बेअरिंग नाहीतर ब्रेक." हे कुठल्याही पुस्तकात असेल, पण हात नेऊन पाहणारा माणूस मी रस्त्यावर दुसरा पाहिलेला नाही.

साठच्या पुढे वेग गेला की वरून एक घुमणारा आवाज यायला लागला. रेवा म्हणाली, कयाक गातोय. नाना म्हणाले, "पट्टा सपाट बसलाय. त्याला एक पीळ दे, गप होईल." पुढच्या थांब्यावर पीळ दिला आणि आवाज बंद झाला. पट्टे कॅम बकलचेच, म्हणजे हाताने ओढून आवळायचेच घ्यावेत. दांडा मागेपुढे करून आवळायच्या रॅचेटने जोर जास्त लागतो आणि प्लास्टिकच्या कयाकला पोक येतो, त्यातही तो उन्हात तापलेला असला तर हमखास. नाकाकडून बॉनेटखालच्या फासाला बांधलेली दोरीसुद्धा ताणून ओढायची नसते; वाऱ्याने नाक उचललं जाऊ नये, एवढ्यापुरतीच ती. आणि बसायच्या भोकावर कव्हर हवंच, नाहीतर पावसात टपावर दोन हौद भरतात.

मॅकिनॉ सिटीला पोचलो तेव्हा वारा पेटला होता. इथे मॅकिनॅक पूल लागतो. लांबी सुमारे 5 मैल. मिशिगनचे दोन भाग 1957 सालापासून त्याने जोडलेत. त्याआधी गाड्या फेरीने जायच्या. पुलावर एरवी 45 मैलांची मर्यादा असते. जोराच्या वाऱ्यात ती 20 वर आणतात, आणि ट्रेलरवाले, उंच गाड्या, टपावर काही बांधलेल्या गाड्या यांना बाजूला घेऊन, पुढे गाडी देऊन, कळपाने पलीकडे नेतात. आम्ही या तिन्ही यादीत बसत होतो. पाऊणएक तास थांबलो. आमच्या मागे उभ्या असलेल्या घोड्यांच्या ट्रेलरच्या मालकिणीने आमच्या कयाकांकडे बघून विचारलं, "दोऱ्या नीट आहेत ना?" नानांना भाषा कळली नाही, रोख कळला. त्यांनी अंगठा दाखवला.

ज्यांना पुलावर गाडी चालवायची भीती वाटते, त्यांची गाडी पलीकडे नेऊन द्यायला पुलाचा कर्मचारी मिळतो. समीरने हे सांगितल्यावर नाना म्हणाले, "आपल्याकडं आहे की कर्मचारी. रिटायर असला म्हणून काय झालं!" अर्थात नाना चाक मागत नव्हते, आठवण करून देत होते.

पुलाच्या आतल्या लेन लोखंडी जाळीच्या आहेत, बाहेरच्या डांबरी. आम्ही बाहेरच्या लेनमध्ये होतो. मध्यावर रस्ता पाण्यापासून सुमारे 200 फूट उंच आहे, आणि 20 मैलांच्या वेगाने शेजारच्या जाळीतून खालचं पाणी नीट दिसतं. वाऱ्याचा झोत आला की आधी कयाकांची नाकं थरथरायची, मग अर्ध्या क्षणाने मागचा ट्रेलर हलका धक्का द्यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या झोतानंतर मला ते नाक वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पाखरासारखं उपयोगी वाटायला लागलं, आधी कळायचं. नाना एवढंच म्हणाले, "ब्रेकला पाय लावू नकोस. चाक घट्ट धर, पण भांडू नकोस त्याच्याशी." ट्रेलर झोकांड्या खायला लागला तर हाच उपाय: ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही, वेग आपोआप उतरू द्यायचा आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ती कळ कुठे आहे, हे न बघता सापडलं पाहिजे.

टोल पलीकडच्या टोकाला आहे. ट्रेलर असला की दर ॲक्सलला 2 डॉलर; आमचे झाले 8. कयाकांचे पैसे नाहीत.

शनिवार

रात्रीचा मुक्काम हेसेलजवळ होता, ह्युरॉन सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर. ट्रेलर जागेवर लावताना एक गोष्ट घडली, ती आता आमच्या घरातली पद्धत झाली आहे. समीर मागे उभा राहून हातवारे करत होता, मला आरशात अर्धे दिसत नव्हते. नाना गेले आणि ट्रेलरच्या पत्र्यावर हाताने दोन थापा मारल्या: चल. मग एक: थांब. कंडक्टरची बेल! शब्द नाहीत, डावं-उजवं ओरडणं नाही, नवराबायकोचं भांडण नाही. पाच मिनिटांत ट्रेलर बसला.

कयाक टपावर ठेवण्याचा खरा फायदा सकाळी कळला. ट्रेलर सोडून तिथेच ठेवला आणि ट्रक घेऊन थेट पाण्यावर गेलो. कयाक ट्रेलरवर असते तर प्रत्येक वेळी उतरवा, ट्रकवर चढवा, असला दुप्पट उद्योग झाला असता. मात्र ट्रेलर जोडलेला असताना मागून कयाक सरकवून चढवता येत नाही. म्हणून घरून निघताना आधी कयाक, मग ट्रेलर. मुक्कामी पोचल्यावर उलट.

हेसेल आणि सीडरव्हिल या गावांसमोर ले शेनो नावाचा 36 बेटांचा पुंजका आहे. मोठ्या सरोवराच्या लाटा बाहेरच अडतात, आत चिंचोळ्या वाटा आणि शांत पाणी. बारा फुटी साध्या कयाकला यापेक्षा चांगली जागा नाही. काठाला जुनी लाकडी बोटघरं आणि त्यात वार्निश मारून लखलखीत केलेल्या लाकडी मोटरबोटी. गावाला या बोटींचा भारी अभिमान, ऑगस्टात त्यांचं प्रदर्शनही भरतं. अशीच एक बोट शेजारून गेली आणि मागे लाटांची रांग सोडून गेली. रेवाने कयाकचं नाक पटकन लाटांकडे वळवलं. आडव्या अंगावर घेतल्या असत्या तर भिजली असती. हे तिला मी शिकवलेलं नाही.

नाना कयाकमध्ये बसले नाहीत. लाइफ जॅकेट घालून धक्क्यावर खुर्ची टाकून बसले. परत आलो तेव्हा त्यांच्या शेजारी आणखी एक खुर्ची होती आणि तीत एक निवृत्त शिक्षक. दोघांत सामायिक भाषा शून्य, तरी गाडीच्या रॅकवर चर्चा रंगलेली. गृहस्थांनी त्यांचे कयाक ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर खास रॅक बसवून उभे बांधले होते, दोन निशाणांसारखे. चढवायला फार सोपं, डोक्यावर उचलायला नको. पण सगळा भार हिचवर पडतो, आणि झाडाच्या फांद्या, पेट्रोल पंपाचं छप्पर यांच्या खालून जाताना सतत वर लक्ष. वयाच्या सत्तरीत खांदा दुखत असताना त्यांना हेच परवडतं, आणि ते बरोबरच आहे. आमच्या बाबतीत ट्रेलरच्या एसीची उंचीच 11 फूट, कयाक त्याच्या खालीच. उंचीचा हिशोब बदलला नाही.

पाण्यातून निघताना कयाक उलटे करून निथळवले, अडकलेलं शेवाळ काढलं. 2019 पासून मिशिगनमध्ये हा कायदाच आहे. एका सरोवराची घाण आणि किडे दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. लाकडाचंही तसंच: घरून सरपण नेऊ नका, तिथेच घ्या. ॲश झाडांचा फडशा पाडणारी हिरवी कीड 2002 साली डेट्रॉइटच्या भागातच सापडली होती आणि सरपणातून ती दूरवर गेली.

रात्री ट्रेलरच्या शेगडीवर पिठलं-भात. बाहेर थंडी एवढी की नानांची कानटोपी निघाली.

रविवार

यूएस-2 हा रस्ता मिशिगन सरोवराला चिकटून पश्चिमेला जातो. डावीकडे निळं पाणी, उजवीकडे धुरावलेले मासे आणि पॅस्टी विकणाऱ्या टपऱ्या. पॅस्टी म्हणजे मैद्याच्या जाड पारीत मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा सलगमचा भाऊ. एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉलहून खाणीत कामाला आलेल्यांनी ती इकडे आणली. खाणीत खाली नेता येईल, गार झाली तरी चालेल असा डबा. आम्ही भाजीवाली घेतली. नानांनी पहिला घास खाऊन "मीठ आहे, तिखट राहिलंय" असा निकाल दिला आणि पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. चटणीबरोबर पॅस्टी उत्तम लागते. दुकानातली बाई कौतुकाने बघत होती. तिने चिमूटभर चाखली आणि पाणी प्याली.

मॅनिस्टिकजवळ आडवाट करून किच-इटी-किपीला गेलो. या दिवसाचंच नव्हे, सगळ्या सहलीचं हे आश्चर्य. जंगलात 200 फूट रुंद, 40 फूट खोल झरा. तळातून मिनिटाला 10,000 गॅलनांहून जास्त पाणी उसळतं. तापमान बारा महिने 45 फॅरनहाइट, म्हणजे 7 सेल्सियस, त्यामुळे हिवाळ्यातही गोठत नाही. इथे स्वतःची नाव टाकायला बंदी. तारेला बांधलेला एक तराफा आहे, मधे तळ दिसेल असं भोक, आणि एक मोठं चाक. चाक फिरवलं की तराफा तार धरून पुढे सरकतो. चालवणारा कर्मचारी नाही, जो चढेल त्याने फिरवायचं.

नाना चाकाशी कधी गेले कळलंच नाही. तराफ्यावर वीसेक माणसं, सगळी वाकून खाली बघतायत: हिरवं पारदर्शक पाणी, तळाशी उकळी फुटल्यासारखी उडणारी वाळू, पांढरे पडलेले ओंडके, त्यांच्यामधून सावकाश जाणारे हातभर लांब ट्राउट. आणि नाना सरळ समोर बघत दोन्ही हातांनी चाक फिरवतायत. एका लहान मुलाला फिरवायचं होतं. नानांनी त्याला समोर घेतलं, त्याचे हात चाकावर ठेवले आणि मराठीत म्हणाले, "हळू. पाशिंजर आहेत." मुलाने हळू केलं.

संध्याकाळपर्यंत म्युनिसिंग. ट्रेलर लावला, दोन थापा, एक थाप.

सोमवार

म्युनिसिंगला सगळे येतात ते पिक्चर्ड रॉक्ससाठी. लेक सुपीरियरच्या काठाने 50 ते 200 फूट उंचीचे वालुकाश्माचे कडे, आणि त्यांवरून झिरपणाऱ्या पाण्याने काढलेले रंगांचे ओघळ: लोहाचा लाल, तांब्याचा हिरवा-निळा, मँगनीजचा काळा. 1966 मध्ये हा किनारा राष्ट्रीय संरक्षित झाला.

आमचे कयाक इथे पाण्यात उतरले नाहीत, आणि हा निर्णय घरूनच झालेला होता. मैलोन्मैल उभी भिंत, थांबायला किनारा नाही, भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा, आणि ऑगस्टातही बोटं बधिर करणारं पाणी. उद्यानाचे लोक लांब सागरी कयाकच वापरायला सांगतात. समीर आणि रेवा मार्गदर्शकाबरोबर तसल्या दोघांच्या कयाकमधून गेले, मी आणि नाना मोठ्या बोटीतून. परतल्यावर रेवाच्या बोलण्यात रंग कमी आणि गुहेत शिरल्यावर आलेला आवाज जास्त होता. ज्यांचे कयाक छोटे आहेत त्यांनी इथे पैसे मोजून मोठा घ्यावा, हे माझं स्पष्ट मत.

मंगळवार

छोट्या कयाकांचा दिवस. म्युनिसिंगच्या पश्चिमेला ओ ट्रेन नदी आहे, उथळ, वाळूच्या तळाची, सापासारखी वळत सुपीरियरला मिळणारी. इथे अखेर नाना बसले. "बुडालो तर?" "नाना, उभे राहा, पाणी कमरेला लागेल." पहिल्या वळणाला ते झुडपात गेले, दुसऱ्या वळणाला काठावर. मग त्यांना उमगलं की वल्हं ज्या बाजूला मारतो त्याच्या उलट बाजूला नाक जातं, आणि त्यानंतर त्यांनी आम्हाला ओव्हरटेक केलं. एका ओंडक्यावर कासवं ओळीने ऊन खात बसली होती. नानांनी तोंडाने हॉर्न वाजवला. कासवं हलली नाहीत.

दुपारी पाऊस. ट्रेलरमध्ये थालीपीठं आणि पत्ते.

बुधवार

परतताना एम-28 धरला. सीनीच्या पश्चिमेला हा रस्ता सुमारे 25 मैल एकही वळण न घेता जातो, दोन्हीकडे पाणथळ. नानांना झोप लागली, तीही साडेपाच मिनिटं. उठल्यावर "जागाच होतो" म्हणाले. पुलावर वारा नव्हता, 45 ने पार झालो.

खाली एका ट्रक स्टॉपवर वजनकाटा दिसला म्हणून गाडी त्यावर घेतली. काट्याचे तुकडे वेगवेगळे असतात, ट्रकची चाकं एकावर, ट्रेलरची दुसऱ्यावर येतील असं उभं राहायचं. ट्रक 6,860 पौंड, मर्यादा 7,050. ट्रेलरची चाकं 4,520. घरी कागदावर केलेल्या हिशोबाच्या जवळच. पंधराएक डॉलरांत मिळणारी ही खात्री वर्षातून एकदा घ्यावीच, कारण ट्रेलरमध्ये सामान वाढतं ते कुणाला न सांगता.

वजनाची छापील चिठ्ठी नानांनी मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. साताऱ्याला डेपोतल्या जुन्या मंडळींना दाखवायची आहे म्हणे: पोरीच्या मागं सव्वादोन टन आणि टपावर दोन होड्या, आणि डबल बेल द्यायला आम्ही.